वाळायला ठेवलेलं चित्र

आमच्या घरात एक चित्र होतं. त्याला हात लावायची सगळ्यांना मनाई होती, फक्त मायला नव्हती. दिवाळीच्या आधी घर सारवून-पोतारून झालं की माय धानाच्या खोलीत जायची, चित्रावरचं जुन्या लुगड्याचं फडकं वर करायची आणि तापलेल्या तव्याला लावावं तसं खालच्या कोपऱ्यातल्या निळ्या रंगाला मधलं बोट लावायची. मग ते बोट नाकाशी नेऊन हुंगायची. "ओलंच हाय," एवढंच म्हणायची आणि फडकं सोडायची. पाहुण्यांना वाटे, ही काहीतरी घरची पूजा आहे. एक मावशी तर एकदा हळदकुंकवाची वाटी घेऊन आली होती. मायने तिला दारातूनच परत पाठवलं. ते चित्र माझ्या दादाने काढलेलं. ते वर्षानुवर्षं का वाळलं नाही हे माहीत असलेली आता मी एकटीच उरले आहे, म्हणून लिहून ठेवते.

आमचं गाव चोरखमाऱ्याच्या कालव्यावरचं. गावचा तलाव मात्र कालव्याच्या कितीतरी आधीचा. तो आमच्या खापरपणजोबांनी खोदला असं बाबा सांगत, आणि इतक्या वेळा सांगत की कुदळ बाबांच्याच हातात होती की काय असं ऐकणाऱ्याला वाटावं. बाबांची धानाची शेती होती आणि तिरोड्याला बी-बियाण्यांचं दुकान. सकाळी ते सायकल काढत तेव्हा घरात तीन आवाज एकाच वेळी चालू असत: गावच्या भातगिरणीची धडधड, मायच्या पाट्या-वरवंट्याचा घरघराट आणि दादाची शीळ. पाट्यावर बहुतेक जवसाची चटणीच असायची. भाजलेल्या जवसाचा तो खमंग, किंचित कडसर वास आमच्या भिंतींनाच लागलेला होता. लाखोरीचं वरण, मऊ भात, वर जवसाच्या तेलाची धार, आणि हिवाळ्यात पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगांची भाजी. अशा जेवणावर वाढलेल्या माणसाने पुढे कुठेही जाऊन काहीही खाल्लं तरी त्याचं अर्धं पोट रिकामंच राहतं. माझं राहिलं आहे.

दादाला चित्रांचा नाद कसा लागला ते कुणालाच नीट सांगता यायचं नाही. बाबांच्या दुकानात एक कॅलेंडर होतं, खतवाल्याने दिलेलं. त्यावर समुद्र होता, दोन नारळ आणि उपडी पडलेली एक होडी. वर्ष संपलं तरी दादाने ते उतरवू दिलं नाही. शाळेचे ड्रॉइंगचे सर बदली होऊन गेले तेव्हा आपली तैलरंगाची पेटी त्याला देऊन गेले. अर्ध्या दाबलेल्या नळ्या, केस गळालेले ब्रश आणि तेलाची एक बाटली. ती पेटी आम्हां दोघांची झाली. मी त्याच्याहून लहान, पण चित्राच्या बाबतीत तो मला लहान धरत नसे. मांजरपाट चौकटीवर ताणायचं, त्याला सरस आणि खडूची भुकटी चोपडायची, हे आम्ही दोघं मिळून करायचो. मग तो कापडावर आणि मी पुठ्ठ्यावर, एकाच पेटीतून रंग घेऊन, तलावाच्या पाळीवर, त्या मातीच्या बांधावर, शेजारी शेजारी उभे राहायचो. पिवळ्यावरून आमची खूप भांडणं झाली. पिवळा नेहमी आधी संपतो.

बाहेर उभं राहून चित्र काढायचं तर चौकट टेकवायला घोडी लागते. दादाने तीन बांबू बांधून तिकाटी केली होती. ती पाळीवर रोवली की गावातली माणसं धावत यायची, कारण तीन पायांचं काहीतरी रोवून कुणी पाण्याकडे डोळे बारीक करून बघतोय म्हणजे मोजणीवालेच आले, असा त्यांचा पक्का समज.

"कोनाची जमीन जाऊन रायली रे?" एक म्हातारा दरवेळी विचारायचा.

"कोनाची नाई, आजा. चित्र काढून रायलो."

"कायले?"

या "कायले"चं उत्तर दादाला कधी देता आलं नाही. बाबांनाही तेच हवं होतं. "बुढ्यानं तलाव खोदला, त्याच्यात गावाचा धान पिकते. तू त्याचं चित्र काढून कोनाचं पोट भरन?" हे ते रागाने म्हणत नसत, खरंच विचारत. आणि दादा मान खाली घालून नखातला रंग काढत बसायचा.

त्याला समुद्र काढायचा होता. आम्ही कुणीच समुद्र पाहिलेला नव्हता. एकदा लग्नाला गेलो असताना तो मला घेऊन इटियाडोहावर गेला. त्या दिवशी वारं सुटलं होतं आणि धरणाच्या पाण्यावर चांगल्या हातभर लाटा उठत होत्या. दादा धरणाच्या उतारावर रचलेल्या पिचिंगच्या दगडांवर बसला तो उठेचना. लग्नातली पंगत चुकली. "कुंदे, समुद्र असाच असन, फक्त पलीकडचा डोंगर नसन," तो म्हणाला. मग हाताने तो डोंगर झाकून बघत राहिला. नागपूरच्या चित्रशाळेत मुलांना दरवर्षी कोकणात नेतात आणि किनाऱ्यावर उभं करून चित्रं काढायला लावतात, असं सरांनी त्याला सांगितलं होतं. म्हणजे नागपूरला प्रवेश मिळाला की समुद्र मिळणार होता. सगळा हिशेब एवढाच होता. बाबांनी पुष्कळ विचार करून एक अट घातली. उन्हाळा संपता संपता नागपूरला चित्र दाखव. घेतलं तर जा, मी अडवणार नाही. नाही घेतलं तर दुकानात बस, मग पुन्हा हा विषय नाही.

दादाने त्या चित्रासाठी जवसाचं शेत निवडलं. आमच्याकडे धान कापायच्या आधीच ओल्या बांधीत, म्हणजे धानाच्या बांध घातलेल्या तुकड्यात, जवस फेकतात, आणि कापणी झाल्यावर धसकटांतून तो आपोआप वर येतो. थंडीत फुलला की तलावाच्या पाळीखाली निळं पसरतं. पाळीच्या वरही निळं, कारण शेताच्या अलीकडच्या उंचवट्यावरून पाळीमागचं पाणी दिसतं. म्हणजे खाली एक पाणी आणि वर एक पाणी, मधून मातीची काळी रेघ. पण जवसाचं फूल नाजूक. उन्हं चढली की पाकळ्या गळतात, आणि दुपारी शेताकडे बघितलं तर सकाळी इथे काही होतं यावर विश्वास बसू नये. त्यामुळे रोज दव असतानाच तिकाटी रोवायची आणि फुलं गळेपर्यंत हात चालवायचा. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा.

चित्र सुरू करायच्या आदल्या दिवशी कळलं की सरांच्या बाटलीतलं तेल संपत आलं आहे. तिरोड्यात एकाच हार्डवेअरच्या दुकानात मिळायचं. दुकानदार म्हणाला, "अलसी का तेल है ना भैया, दरवाजा-खिडकीवाला." ते उकळलेलं, काळपट. त्याने चित्र काळं पडतं हे सरांनी बजावलं होतं. दादा तोंड पाडून परत आला. माय चुलीपुढे होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अलसी म्हंजे जवसच ना? मंग घरात जवसाचं तेल हाय ना रे. घाणीवरून आणलेलं, ताजं. जवसाचं चित्र जवसाच्या तेलात काढ." दादा एवढा खूश झाला की त्याने मायचे रंगाच्या हाताने गाल धरले. तिच्या एका गालावर हिरवं लागलं होतं, ते तिने जेवणं होईपर्यंत पुसलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे तिने त्याच्या हातात काठोकाठ भरलेली बाटली दिली.

ते दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस होते, हे तेव्हा कळलं नाही, आणि तेव्हा कळत नाही हेही आता सांगून काय उपयोग. बोटं आखडतील अशी थंडी. पलीकडच्या बांधीत सारसांची जोडी ओरडायची. बाटलीतलं तेल थिजायचं, तळाशी पांढुरकं दाट व्हायचं. दादा बाटली काखेत धरून तिला ऊब द्यायचा. "तेलाले बी थंडी वाजून रायली," तो म्हणायचा, आणि आम्ही हसायचो. न्याहारी घेऊन माय पाळीवरून यायची. डोक्यावर टोपली, त्यात तांदळाची भाकर आणि चटणी. ती लांबून दिसली की दादा ब्रश थांबवायचा आणि ती जवळ येईपर्यंत बघत राहायचा. चित्रात त्याने पाळीवर अंगठ्याएवढी एक जागा कोरी ठेवली होती. खालचा विटकरी थर तेवढा दिसत होता.

"इथं कोन हाय?" मायने विचारलं.

"तू हायेस. पन आता नाई. ओल्यावर काढलं तं तू चिखलात मिसळून जाशीन. हे वाळू दे, मंग दुसऱ्या हाताले तुले काढतो."

माय लाजली. आपलं चित्र कुणी काढेल हे तिला कधी वाटलं नसावं. त्यानंतर ती न्याहारी आणताना धुतलेलं लुगडं नेसून यायला लागली.

फुलं संपली, बोंडं धरली, जवस उपटून झाला, चित्र वाळेना. आधी वाटलं थंडीमुळे. मग वाटलं उन्हाळा लागला की वाळेल. उन्हाळ्यात अंगणात ठेवलं तर ते आणखी चिकट झालं, मळणीचा भुसा उडून आभाळाला चिकटला आणि एक हिरवी माशी पाण्यात अडकली. माझे पुठ्ठे, जे सरांच्या तेलात झाले होते, ते केव्हाच खडखडीत वाळले होते. दादा रोज सकाळी उठून बोट लावायचा. बाबा म्हणाले, "तलाव वाळते, याचं चित्र वाळत नाई." शेवटी प्रवेशाचे दिवस आले आणि ओलंच चित्र घेऊन आम्ही दोघं तिरोड्याहून रेल्वेत बसलो. बसलो कसले, उभेच होतो. चित्र आमच्या दोघांच्या मध्ये, दोन बाजूंनी कडेला धरून. नागपूरपर्यंत "भैया, संभालके, गीला है" असं म्हणत राहिलो. भंडाऱ्याच्या पुढे एका माणसाची पांढरी बाही आभाळाला घासलीच. त्याच्या बाहीवर आमचं थोडं आभाळ गेलं. तो शिव्या द्यायला लागला, आणि दादा त्याचीच माफी मागत राहिला.

चित्रशाळेतले मास्तर वयस्कर होते, चांगले होते. त्यांनी चित्र उजेडात नेऊन पुष्कळ वेळ पाहिलं. मला आठवतं, त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिलं. मग बोट लावलं.

"तेल कुठलं वापरलंस?"

"जवसाचं. घरचं."

"नुसतं जवसाचं?"

"हो."

"बाळ, तुझी नजर चांगली आहे. पण ओलं चित्र मला जमा करून घेता येत नाही. सगळ्यांची चित्रं एकावर एक जातात. दुसरं काही आणलंयस?"

दादाने दुसरं काही आणलं नव्हतं. बाकीची चित्रं त्याला दाखवण्यासारखी वाटली नव्हती. "पुढच्या वर्षी ये," मास्तर म्हणाले, "हे वाळवून आण. नक्की आण." ते अगदी मनापासून म्हणाले, पण आमच्या घरी पुढचं वर्ष नावाची गोष्ट ठरलेली नव्हती, हे त्यांना कसं माहीत असणार?

घरी आलो तेव्हा बाबा दुकानातून यायचे होते. मायने ताटं वाढली. दादाने काय झालं ते सांगितलं, आणि मास्तरांनी तेलाचं विचारलं तेही सांगितलं. मायचा वाढता हात थांबला.

"जवसाचंच व्हतं," ती म्हणाली. मग पळी पातेल्यात ठेवून म्हणाली, "बाटली जरा रिकामी रायली व्हती. वरून टोळीचं घातलं थोडंसं."

टोळी म्हणजे मोहाचं बी. त्याचंही तेल आमच्याकडे घरोघर. तळणाला तेच, दिव्याला तेच. जवसाचं कमी पडलं की त्यात ते मिसळायचं, ही आमच्याकडच्या प्रत्येक बाईची रीत. पोटाला ते चालतं. पण जवसाचं तेल हवेत साय धरून वाळतं आणि टोळीचं कधी वाळत नाही, थंडीत नुसतं थिजतं. हे मला पुढे शिकायला मिळालं. त्या क्षणी दादाला मात्र कळलं असावं. काखेत धरून ऊब दिलेली ती बाटली त्याला आठवली असावी.

"काऊन घातलं व माय?" मी विचारलं.

"त्याले कमी पडू नये म्हनून."

मी दादाकडे पाहिलं. तो हसला. खरंच हसला. "माय, तू तं चित्राले फोडनीच देऊन टाकली." मग ताट पुढे सरकवून म्हणाला, "भात वाढ. वाळन ते. उशिरा वाळन, पन वाळन. मंग तुले काढतोच." माय भात वाढत राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती ते पुसत नव्हती, कारण पुसलं असतं तर रडते आहे हे मान्य करावं लागलं असतं. बाबांना तेलाचं कुणीच काही सांगितलं नाही. दादानेच सांगू दिलं नाही.

तो दुकानात बसू लागला. पुढच्या थंडीत जवस पुन्हा फुलला, पण फुलांची वेळ तीच दुकान उघडायची वेळ. एक दिवस मी त्याला पाळीवर सायकल धरून उभा असलेला पाहिला. पेटी नव्हती, तिकाटी नव्हती. मला पाहून म्हणाला, "यंदा निळा जरा फिका हाय ना?" आणि सायकलवर टांग मारून गेला. घरी आल्यावर मात्र रोज धानाच्या खोलीत जाऊन बोट लावायचा. त्यानंतरच्या पावसाळ्यात त्याला कावीळ झाली. गोंदियाच्या दवाखान्यात नेलं. डोळे आधी पिवळे झाले, मग हात. माझा हात धरून म्हणाला, "कुंदे, पिवळा संपला म्हनत व्हतीस ना? हा घे." असली थट्टा तो शेवटपर्यंत करत होता. पोळ्याच्या आधी तो गेला. त्या दिवसाबद्दल एवढंच सांगते, की बाबांनी स्वतः धानाच्या खोलीत खुंटी ठोकली, चित्र तिला टांगलं आणि त्याच्यासमोर जमिनीवर बसून राहिले. "बुढ्याच्या तलावाचं असं चित्र कोनी काढलं नव्हतं," ते म्हणाले. ऐकायला मी एकटीच होते.

मी पुढे गोंदियाला शिकले, शाळेत चित्रकला शिकवली. बाबा गेले. गावचं घर बंद पडलं तेव्हा मायला आणि चित्राला मी माझ्याकडे गोंदियाजवळ फुलचूरला घेऊन आले. आता आमच्या बांधीत जवस होत नाही. कालव्याच्या पाण्यावर उन्हाळी धान घेतात. जवस आता मला दुकानात प्लास्टिकच्या पुडीत मिळतो, वर हृदयाचं चित्र असतं. मायने ती पुडी एकदा हुंगली आणि बाजूला ठेवली. तिची दिवाळीची रीत मात्र इथेही चालू राहिली. दृष्टी गेली तशी ती मला हाक मारायची, मी तिचा हात धरून कोपऱ्यापर्यंत न्यायची. "ओलंच हाय." मला कधी कधी राग यायचा. वाटायचं, बाई गं, झालं ते झालं, किती वर्षं स्वतःला डागत बसशील?

मग एका दिवाळीला मी तिचा हात नेला. तिने बोट लावलं. पुन्हा लावलं. सगळा पंजा पाण्यावरून फिरवला, आभाळावरून फिरवला, भुशाच्या कणांवरून, त्या माशीवरून. बोट हुंगलं. इथल्या भिंतीवर दुपारचं ऊन येतं, त्याने झालं असेल, किंवा तेलाची वेळच भरली असेल.

"वाळलं," माय म्हणाली.

ती पलंगावर बसली आणि रडली. दादा गेला तेव्हाही ती अशी रडली नव्हती. "इतके साल वाटे, त्याचं काम बाकी हाय. वाळलं का येईन, दुसरा हात मारन. आता त्याचं काहीच बाकी नाई व बाई." मी आजवर तिच्या त्या बोटाला प्रायश्चित्त समजत आले होते. ती वाट पाहत होती, हे मला माझे केस पिकल्यावर कळलं.

मी तिच्याजवळ बसले. म्हटलं, "माय, जागा हाय अजून पाळीवर. मी काढू तुले? मले येते."

तिने माझा हात शोधून हातात घेतला. "तुले येते, मले मालूम हाय. पन नोको. त्यानं ठेवली हाय ते जागा. राहू दे तशीच."

पुढच्या दिवाळीला माय नव्हती. चित्र माझ्यासमोर आहे. खाली निळं, वर निळं, मधे पाळ, आणि पाळीवर अंगठ्याएवढी विटकरी जागा. तैलरंगांत माझं आयुष्य गेलं, एकदा वाळलेला रंग पुन्हा ओला होत नाही हे मी कितीतरी मुलांना शिकवलं. तरी दिवाळीच्या आधी घर आवरून झालं की मी त्या कोपऱ्यातल्या निळ्या रंगाला बोट लावून पाहते. बोट कोरडंच परत येतं.